लोकहिताच्या तीन कसोट्या

(नागरिकशास्त्र : वरच्या प्राथमिक वर्गांसाठी मार्गदर्शक पाठ)

नागरिकशास्त्राच्या तासाला ‘लोकहित’ हा शब्द वारंवार येतो. परंतु पुष्कळदा तो केवळ पाठ होतो. ‘नेत्याचे कर्तव्य कोणते?’ असा प्रश्न केला की, ‘लोकहित साधणे’ हे उत्तर वर्गातील बहुतेक मुले एका सुरात देतात. मग ‘लोकहित म्हणजे काय?’ असे विचारले, तर कोणी रस्ता म्हणतो, कोणी नळ म्हणतो, कोणी दिवे म्हणतो. ही उत्तरे चूक नाहीत. परंतु ज्या रस्त्यासाठी एखाद्याचे शेत गेले, तो रस्ता त्याच्या हिताचा की नाही? वरच्या गावी नळाने आलेले पाणी गटारावाटे खालच्या गावाच्या नदीत गेले, तर ते कोणाच्या हिताचे? आज काढलेले कर्ज उद्याच्या पिढीस फेडावे लागणार असेल, तर त्या पिढीचे मत कोणी विचारावयाचे? असे प्रश्न पुढे आले म्हणजे शब्दाचा अर्थ शोधावा लागतो. तो शोधावयास मुलांना प्रवृत्त करणे, हे या पाठाचे प्रयोजन आहे.

सातवीत बसलेला विद्यार्थी आणखी पाच-सहा वर्षांनी मतदार होतो. त्यांपैकी काही जण पुढे ग्रामपंचायतीचे सदस्य होतील, कोणी सरपंच होईल, एखादी मुलगी जिल्हा परिषदेतही जाईल. नेत्याच्या कामाची पारख करण्याची सवय त्यांना शाळेत लागली नाही, तर ती बाहेर लागेलच असा भरवसा देता येत नाही. बाहेर पारखीपेक्षा घोषणा मोठ्याने ऐकू येतात.

ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ येथे वालधुनी नदीच्या काठी प्राचीन शिवमंदिर आहे. तेथून जवळच उल्हासनगर व बदलापूर ही शहरे आहेत, आणि या साऱ्या परिसरास बारवी धरणाचे पाणी मिळते. मंदिर, नदी आणि धरण या तीन गोष्टींवरून लोकहिताच्या तीन कसोट्या मुलांना समजावून देता येतात. दूरच्या शिक्षक बंधुभगिनींनी हीच मांडणी ठेवून आपापल्या गावचे तळे, ओढा वा बंधारा उदाहरणास घ्यावा.

पाठाचे हेतू

१. सर्वांचे हित आणि काही जणांचे हित यांतील भेद विद्यार्थ्यांना ओळखता यावा.

२. नेता हा सार्वजनिक संपत्तीचा मालक नसून विश्वस्त आहे, ही जाणीव त्यांच्या ठायी निर्माण व्हावी.

३. कोणत्याही सार्वजनिक कामाविषयी योग्य प्रश्न विचारण्याची सवय त्यांना लागावी.

पहिली कसोटी : पुढच्यामागच्यांचा विचार

अंबरनाथचे शिवमंदिर उत्तर कोकणच्या शिलाहार राजांच्या काळातील आहे. भूमिज पद्धतीचे हे मंदिर काळ्या दगडात बांधलेले असून त्याच्या बाह्यभिंती शिल्पांनी भरलेल्या आहेत. सभामंडपातून गर्भगृहात जाताना पायऱ्या उतरून खाली जावे लागते. मंदिरातील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० हे वर्ष आलेले आहे. तेव्हा शिलाहार राजा मुम्मुणी हा राज्य करीत होता. मंदिराच्या कामास त्याचा थोरला भाऊ छित्तराज याच्या काळात प्रारंभ झाला आणि ते मुम्मुणीच्या काळात पूर्णत्वास गेले, असे विद्वान मानतात. या दोघांच्या दरम्यान नागार्जुन हा तिसरा भाऊ गादीवर होता.

या इतिहासातील एक साधी गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्यावी. काम सुरू करणारा एक होता आणि पूर्ण करणारा दुसरा होता. पहिल्याचे काम म्हणून दुसऱ्याने ते टाकून दिले असते, तर वालधुनीच्या काठी केवळ दगडांचा ढीग राहिला असता. राजेशाहीच्या काळातील राजा लोकांनी निवडलेला नव्हता, आणि मंदिर बांधण्यात त्याचा स्वतःच्या कीर्तीचाही हेतू असेल. तरीही सार्वजनिक काम एका माणसाच्या कारकिर्दीत मावत नाही, हे सत्य तेव्हाही होते आणि आजही आहे.

याच शिलाहारांच्या प्रदेशात, उत्तर कोकणात, ‘गद्धेगाळ’ या नावाने ओळखले जाणारे दगड ठिकठिकाणी सापडतात. राजाने जमीन वा गाव दान दिले की, त्या दानाची नोंद अशा दगडावर करीत. वरच्या भागी सूर्य व चंद्र कोरीत; म्हणजे आकाशात ते आहेत तोवर हे दान चालावे. खाली दान मोडणाऱ्यास कठोर शाप असे. (हा शापाचा भाग आणि त्याचे चित्र प्राथमिक वर्गात सांगू नये, तेथे सूर्यचंद्रांचा अर्थ पुरेसा आहे.) त्या काळच्या ताम्रपटांतही शेवटी भावी राजांना उद्देशून अशी विनवणी असे की, पूर्वीच्यांनी दिलेले पुढच्यांनी सांभाळावे. राजा कितीही बलवान असला तरी लोकांस एकदा दिलेले परत घेण्याचा त्याला अधिकार नाही, ही कल्पना त्यामागे आहे. आज शापाचे काम कायदा करतो. शाळेस दिलेली जागा, गावाचे गायरान, तळ्याची हद्द या गोष्टी सरपंच बदलला म्हणून बदलत नाहीत.

अर्वाचीन काळातील उदाहरण द्यावयाचे तर कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांचे द्यावे. आपल्या संस्थानात १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा करणारे हे राजे प्राथमिक शिक्षकांस परिचित आहेतच. त्यांनी भोगावती नदीवर राधानगरी येथे धरणाचे काम हाती घेतले. पैशाच्या अडचणीमुळे ते त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. १९२२ साली महाराज निवर्तले. पुढे स्वातंत्र्य मिळाले, संस्थान विलीन झाले, आणि १९५० नंतरच्या दशकात ते धरण पूर्ण झाले. ज्याने पाया घातला त्याने पाणी पाहिले नाही; परंतु पाणी आले. पाया घालणाऱ्याची दूरदृष्टी आणि पूर्ण करणाऱ्यांचा समंजसपणा या दोहोंवाचून ते आले नसते.

गावोगावी याच्या उलट अनुभवही येतो. जुन्या कारभाऱ्यांनी काढलेली वर्गखोली नव्यांच्या काळात छपरावाचून उभी राहते. एकाने टाकलेल्या नळांना दुसरा पाणी सोडीत नाही आणि शेजारून नवे नळ टाकतो. अशा वेळी पैसा दोनदा खर्च होतो आणि तहान तशीच राहते. म्हणून पहिली कसोटी अशी : या नेत्याने मागच्यांचे चांगले काम पुढे नेले काय, आणि पुढच्यांना पूर्ण करता येईल असे काम मागे ठेवले काय?

दुसरी कसोटी : खालच्या अंगास राहणाऱ्यांचा विचार

वालधुनी ही नदी अंबरनाथजवळच्या डोंगरात उगम पावते, शिवमंदिराच्या कडेने वाहते, उल्हासनगरातून जाते आणि कल्याणजवळ उल्हास नदीस मिळते. तिचा प्रवाह लहान आहे. परंतु तिच्या काठावरची वस्ती फार मोठी आहे.

ही वस्ती कशी झाली तेही मुलांना सांगावे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करी छावण्या होत्या. १९४७ साली देशाची फाळणी झाली, तेव्हा सिंधमधून घरदार सोडून आलेल्या निर्वासितांना या रिकाम्या छावण्यांत आश्रय देण्यात आला. त्यांची संख्या लाखाच्या घरात होती. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसविण्यात येऊन, उल्हास नदीवरून तिला ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले. या निर्वासितांचे या भूमीत ना शेत होते, ना नातेसंबंध, ना कोणी पुढारी. त्यांची सोय करणे हे तेव्हाच्या शासनाने आपले कर्तव्य मानले. ज्यांच्यापासून आपल्याला काही लाभ होणार नाही त्यांचीही काळजी वाहणे, हा लोकहिताचा मोठा भाग आहे.

पुढे याच परिसरात कारखानदारी वाढली. अंबरनाथला औद्योगिक वसाहत झाली, उल्हासनगरात लहानमोठे उद्योग निघाले, हजारो हातांना काम मिळाले. परंतु घरांचे सांडपाणी आणि कारखान्यांतील रसायने वालधुनीत जाऊ लागली. एकेकाळी मंदिराच्या पायथ्याशी खळाळणारी नदी नाल्याच्या स्वरूपास आली. २०१४ च्या नोव्हेंबरात उल्हासनगर येथे या नदीत घातक रसायन सोडले गेल्यामुळे विषारी वायू पसरला आणि काठावरच्या शेकडो रहिवाशांना त्रास होऊन रुग्णालयात न्यावे लागले. उल्हास व वालधुनी या नद्यांच्या प्रदूषणाविरुद्ध ‘वनशक्ती’ या संस्थेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली होती. २०१५ साली न्यायाधिकरणाने त्या भागातील स्थानिक स्वराज्य संस्थांना आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना जबाबदार धरून कोट्यवधी रुपये भरण्याचा आदेश दिला. पुढे हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयातही गेले.

येथे शिक्षकांनी थोडे सावध असावे. ‘कारखानदार वाईट, रहिवासी चांगले’ अशी सोपी विभागणी करून हा प्रश्न संपत नाही. वर्गातील एखाद्या मुलाचे वडील त्याच कारखान्यात कामास जात असतील. त्यांच्या मजुरीवर ते घर चालते. नदीत जाणारे पाणी कारखान्याचे आहे तसे आपल्या मोरीचेही आहे. तेव्हा नेत्याचे काम एका बाजूस शिव्या देण्याचे नसून दोन्ही बाजूंना लागू होईल असा नियम करणे आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणे होय. कारखाना चालावा, परंतु त्याचे पाणी शुद्ध होऊन बाहेर पडावे. घरे वाढावीत, परंतु त्यांच्याबरोबर सांडपाण्याची व्यवस्थाही वाढावी. नळाच्या उद्घाटनास गर्दी जमते. सांडपाण्याच्या केंद्राकडे कोणी फिरकत नाही. तरीही जो नेता दुसऱ्या कामास पैसा काढून ठेवतो, त्याने आपले कर्तव्य ओळखले असे म्हणावे.

आणखी एक अडचण आहे. वरच्या शहराचे मतदार वेगळे आणि खालच्या शहराचे वेगळे. वरच्या नगराच्या सदस्याला खालच्या नगरात मते मागावयाची नसतात. नदी मात्र मतदारसंघाची सीमा ओळखत नाही. खेड्यातही असेच घडते. वरच्या वाडीने ओढ्यात कचरा टाकला तर खालच्या वाडीची विहीर बिघडते. वरच्याने पाट अडविला तर खालच्याचे भात वाळते. म्हणून दुसरी कसोटी अशी : ज्यांची मते या नेत्याला मिळणार नाहीत, अशा खालच्या अंगास राहणाऱ्या लोकांचे या कामाने काय होईल, याचा विचार त्याने केला काय?

तिसरी कसोटी : भार वाहणाऱ्यांचा विचार

अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली इत्यादी शहरांस व कारखान्यांस लागणाऱ्या पाण्याचा मोठा भाग बारवी धरणातून येतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने बांधलेले हे धरण १९७२ साली पूर्ण झाले. वस्ती वाढली तसे पाणी अपुरे पडू लागले, म्हणून धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली. उंची वाढली म्हणजे पाण्याचा फुगवटा वाढतो, आणि फुगवटा वाढला म्हणजे काठावरची शेते, घरे व पायवाटा पाण्याखाली जातात. मुरबाड तालुक्यातील तोंडली, मोहघर आदी गावांतील शेतकरी व आदिवासी कुटुंबांवर ही पाळी आली.

मुलांना येथे थांबवून विचारावे : ‘लाखो लोकांना पाणी मिळणार आणि काही शेकडे कुटुंबांची घरे जाणार. हे काम लोकहिताचे की नाही?’ बहुतेक मुले संख्येकडे पाहून ‘लोकहिताचे’ म्हणतील. मग विचारावे, ‘तुमचे घर त्यांत असते तर?’ वर्ग क्षणभर शांत होईल. ती शांतता मोडण्याची घाई करू नये.

लोकहित म्हणजे केवळ अधिकांचे हित नव्हे. अधिकांच्या हितासाठी थोड्यांना भार वाहावा लागत असेल, तर त्या भाराची भरपाई ही उपकाराची बाब नसून कर्जफेड आहे, आणि कर्ज घेणाऱ्याने परतफेडीची वाट घेण्यापूर्वी ठरवावयाची असते. बारवीच्या बाबतीत वाढीव उंचीचे काम उभे राहिले. परंतु पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळल्यामुळे वाढीव साठा करता येईना. लोक आपली घरे सोडावयास तयार नव्हते, आणि त्यांचे म्हणणे समजण्यासारखे होते. २०१९ च्या पावसाळ्यात धरण प्रथमच वाढीव पातळीपर्यंत भरले. बाधित कुटुंबांना मोबदल्याबरोबर घरातील एका व्यक्तीस नोकरी देण्याचे ठरले, आणि धरणाचे पाणी घेणाऱ्या शहरांच्या संस्थांनीही या नोकऱ्यांत आपला वाटा उचलावा, असे तत्त्व स्वीकारण्यात आले. जो पाणी पितो त्याने पाणी देणाऱ्याचा भार वाटून घ्यावा, हे तत्त्व योग्य आहे. ते पहिल्या दिवशीच ठरले असते तर अनेक कुटुंबांची उमेदीची वर्षे खेटे घालण्यात गेली नसती.

बारवीच्या उदाहरणात गावांनी शहरांचा भार वाहिला. याच्या उलट दिशेने वाहिलेला भारही महाराष्ट्राने पाहिला आहे. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या विचारातून रोजगार हमी योजना जन्मास आली. खेड्यातील जो माणूस अंगमेहनत करावयास तयार आहे त्याला काम देणे हे शासनाचे कर्तव्य आहे, अशी तिची भूमिका होती. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात या विचारास राज्यभर बळ मिळाले. या योजनेसाठी पैसा उभा करावा म्हणून १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरांतील पगारदार, व्यापारी व व्यावसायिक यांच्या मिळकतीतून हा कर घेतला जाऊ लागला, आणि शासनाने तितकीच रक्कम आपली घालावयाची असे ठरले. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा संमत झाला व १९७९ पासून तो अमलात आला. पुढे २००५ साली केंद्र शासनाने ग्रामीण रोजगार हमीचा देशव्यापी कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव त्याच्या पाठीशी होता.

शिक्षकांच्या वेतनपत्रकातही व्यवसाय कराचा रकाना असतो. तो केवळ कपात म्हणून पाहिला जातो. परंतु त्याच्या मुळाशी पक्की मजुरी नसलेल्या शेतमजुराविषयीची बांधिलकी होती, हे मुलांना सांगितले तर कर म्हणजे काय हेही त्यांना नीट कळेल. ही योजना राबविताना उणिवा राहिल्या, हजेरीपटांविषयी तक्रारीही झाल्या. तथापि, भार कोणी उचलावा हे तिने स्पष्टपणे व कायद्याने सांगितले. म्हणून तिसरी कसोटी अशी : या कामाचा लाभ कोणाला, भार कोणाला, आणि भार वाहणाऱ्याची भरपाई काम सुरू होण्यापूर्वी ठरली आहे काय?

नेता म्हणजे विश्वस्त

तिन्ही कसोट्यांच्या मुळाशी एकच विचार आहे. नेत्याच्या हाती जे असते ते त्याचे नसते. मागच्यांनी ते जमविले, पुढच्यांना ते मिळावयाचे आहे, आणि मधल्या काळात ते सर्वांसाठी सांभाळावयाचे आहे. आपल्या राज्यघटनेने हाच विचार निराळ्या शब्दांत मांडला आहे. मार्गदर्शक तत्त्वांतील ३९ व्या अनुच्छेदात समाजाच्या साधनसंपत्तीची वाटणी सर्वांचे हित साधेल अशा रीतीने व्हावी असे सांगितले आहे; ४० व्या अनुच्छेदात ग्रामपंचायती स्थापून त्यांना स्वराज्याचे अधिकार द्यावेत असे म्हटले आहे. मंत्री जी शपथ घेतात तीत भय, पक्षपात, ममत्व वा आकस न ठेवता सर्व लोकांशी न्यायाने वागण्याचे वचन असते. शपथेतील या चार शब्दांचे अर्थ मुलांकडून शोधून घ्यावेत आणि प्रत्येकास खेड्यातील उदाहरण द्यावयास सांगावे. ‘ममत्व’ या शब्दापाशी चर्चा रंगेल. कारण आपल्या माणसाला झुकते माप देणे पुष्कळांना दोष वाटतच नाही.

वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ साली कायदा होऊन १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. निर्णय मुंबईस न होता जिल्ह्यात, तालुक्यात व गावात व्हावेत, हा त्यामागील हेतू होता. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायत राज्यास घटनेचा आधार मिळाला, आणि २०११ पासून महाराष्ट्रात या संस्थांत महिलांसाठी निम्म्या जागा राखीव झाल्या. सत्ता जवळ आली म्हणजे तिच्यावर लक्ष ठेवण्याचे कामही जवळ येते. ग्रामसभेत कोणताही मतदार उठून जमाखर्च विचारू शकतो. परंतु ग्रामसभेस वीस माणसे आणि तमाशास दोन हजार, अशी स्थिती असेल तर दोष केवळ सरपंचाचा नाही.

नागरिकाच्या या दोषाचा उल्लेख पाठात अवश्य करावा. आपण नेत्याकडे जातो ते बहुधा आपल्या कामासाठी : माझा दाखला, माझ्या मुलाची नोकरी, माझ्या दारापर्यंतचा रस्ता. ही कामे करून देणारा तो चांगला आणि नियमावर बोट ठेवणारा तो वाईट, असे आपण ठरवितो. मग नेताही सर्वांचे काम बाजूस ठेवून एकेकाचे काम करीत बसतो. सर्वांच्या हितासाठी ‘नाही’ म्हणणाऱ्या नेत्यास मान देणारे मतदार असतील, तरच तसे म्हणण्याचे धैर्य त्याला होईल.

वर्गात घ्यावयाचे उपक्रम

१. *पाण्याची वाट.* विद्यार्थ्यांनी शाळेजवळच्या ओढ्याचा कच्चा नकाशा काढावा. पाणी कोठून येते, कोठे जाते, त्यात काय मिसळते आणि खालच्या अंगास कोणती वस्ती आहे, हे त्यावर दाखवावे. शक्य असल्यास खालच्या गावच्या शाळेशी पत्रव्यवहार करावा.

२. *कामाचे चरित्र.* गावातील एक सार्वजनिक काम निवडावे. शाळेची इमारत, विहीर वा पूल. ते कोणी सुचविले, जागा कोणी दिली, श्रमदान कोणी केले, पुढे दुरुस्ती कोणी केली, हे वृद्धांस विचारून लिहून काढावे. एका कामामागे किती माणसे असतात हे त्यावरून कळेल.

३. *वर्गातील ग्रामसभा.* विषय द्यावा : ‘नवी विहीर कोठे खोदावी?’ काही मुलांनी वरच्या आळीचे, काहींनी खालच्या आळीचे, एकाने ज्याच्या जागेत विहीर होणार त्याचे, एकाने भूमिहीन मजुराचे म्हणणे मांडावे. एक जागा रिकामी ठेवावी. ती अजून जन्मास न आलेल्या गावकऱ्याची. चर्चेच्या शेवटी त्या जागेच्या वतीने कोणी तरी बोलावे. मत घेण्यापूर्वी तिन्ही कसोट्या फळ्यावर लिहाव्यात.

प्रश्न व स्वाध्याय

१. अंबरनाथचे मंदिर दोन राजांच्या कारकिर्दीत पूर्ण झाले, यावरून सार्वजनिक कामाविषयी काय कळते?

२. गद्धेगाळावर सूर्य व चंद्र का कोरीत असत? आज त्याच हेतूने आपण काय करतो?

३. वालधुनी स्वच्छ ठेवण्यासाठी रहिवासी, कारखानदार व नगराचे कारभारी या तिघांनी काय करावे? प्रत्येकाची दोन कर्तव्ये लिहा.

४. ‘अधिकांचे हित म्हणजेच लोकहित.’ हे विधान बारवी धरणाच्या उदाहरणावरून तपासा.

५. तुम्ही सरपंच झालात आणि तुमच्या सख्ख्या भावाने नियमात न बसणारे काम सांगितले, तर त्याला काय सांगाल? पाच वाक्ये लिहा.

शिक्षकांनी घ्यावयाची दक्षता

हा पाठ राजकीय प्रचाराचे साधन होता कामा नये. शिक्षकाने पक्षीय राजकारणापासून अलिप्त राहावयाचे असते. तो सेवेचा नियम आहे आणि शिक्षकी पेशाचा धर्मही आहे. म्हणून हयात पुढाऱ्यांची वा गावातील गटांची नावे वर्गात घेऊ नयेत. मुलांनी घेतली तर ‘माणूस बाजूस ठेवू, काम पाहू’ असे सांगून चर्चा कसोट्यांकडे वळवावी. वर्गात सरपंचाचे मूल असेल आणि त्याच्या विरोधकाचेही असेल. दोघांनाही अवघडल्यासारखे होता कामा नये. त्याचप्रमाणे विस्थापित कुटुंबातील मुलास ‘तुझे घर कसे गेले ते सांग’ असे सर्वांसमोर विचारू नये. त्याला आपण होऊन सांगावेसे वाटले तर वर्गाने आदराने ऐकावे.

मात्र अलिप्तता म्हणजे मौन नव्हे. अर्धवट वर्गखोली, गढूळ ओढा आणि मोबदल्यावाचून गेलेले शेत या गोष्टी मुले रोज पाहतात. त्यांविषयी शाळेत अवाक्षर काढले गेले नाही, तर नागरिकशास्त्र हा केवळ परीक्षेचा विषय आहे असे त्यांचे मत होईल. कोणास निवडावे हे शिक्षकाने सांगावयाचे नाही. निवडताना काय विचारावे हे शिकविण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे, आणि त्याच्या अंगी ती जबाबदारीही आहे.

पाठ संपल्यावर तिन्ही कसोट्या विद्यार्थ्यांनी वहीच्या पहिल्या पानावर आपल्या शब्दांत लिहाव्यात आणि वर्षातून दोन वेळा, प्रत्येक सत्राच्या अखेरीस, गावातील एखादे नवे काम त्यांवर तपासून पाहावे. शब्द त्यांचे असतील तर ते त्यांच्या स्मरणात राहतील. पुढे मतदानाच्या दिवशी किंवा ग्रामसभेत हात वर करताना त्यांतील एखादा प्रश्न कोणाच्या ओठी आला, तर पाठ सफल झाला असे समजावे.